साडेसात किलो

चाळीस वर्षं मी बंदरात गोण्या वाहिल्या,
साखरेच्या, खताच्या, एकदा नुसत्या खिळ्यांच्या.
म्हणून मला माणूस मागून ओळखता येतो.
तोंड काहीही सांगो,
पाठीला खोटं बोलायची सवड नसते.

आज सकाळी जिन्याच्या वळणावर
नात पाठमोरी दिसली
आणि वाटलं, आमच्या टोळीतला पांतालेओन चाललाय,
तिसऱ्या धक्क्यावरून, पाळी संपताना.
मान कासवासारखी पुढे,
डावा खांदा पडलेला,
अंगठे पट्ट्यांखाली अडकवलेले.
मायतेन. वय वर्षं नऊ.

वाल्पाराइसोत रस्ते कमी, पायऱ्या फार.
आमच्या टेकडीला दोनशे बारा.
दोरावर चढणारा डबा आहे,
पण दोन वर्षं तो दुरुस्त होतोय.

तिला तशीच सुनिल्दाच्या मासळीच्या गाळ्यावर नेली,
काट्याच्या आकड्याला दप्तर टांगलं.
"साडेसात," सुनिल्दा म्हणाली.
"साफ करून देऊ की अख्खंच?"
आधी कोणी हसलं नाही. मग मायतेन हसली.
मग मोठ्या काट्यावर तिलाच उभी केली, ओल्या फळीवर, बुटांसकट:
सव्वीस.

आमच्या वेळी गोणीच्या वजनासाठी संप झाला होता.
एकवीस दिवस. घरी बटाट्याची सालं शिजली.
मुकादम म्हणायचा, पाठ तुमची, गोणी कंपनीची.
शेवटी ऐंशीची गोणी पन्नासवर आली,
पण तोवर माझा कणा
कंपनीला जाऊन मिळाला होता.
नऊ वर्षांच्यांची युनियन नसते.

दवाखान्यातल्या इर्मानं
मायतेनच्या पाठीवरून बोट खाली नेलं,
एकेक मणका, जिना उतरावा तसं.
"हाड सरळ आहे, आजोबा. चाल वाकलीय.
ओझं कमी करा. दोन्ही पट्टे आवळून.
आणि जड ते पाठीलगत."
जड ते पाठीलगत!
हे मला पांतालेओननं सतराव्या वर्षी शिकवलं होतं,
शिव्यांसकट.

रात्री ती झोपल्यावर दप्तर ओतलं.
उद्या मंगळवार, वह्या दोनच लागतात.
निघाली सातही पुस्तकं. गेल्या वर्षीचीसुद्धा.
अ‍ॅटलास, शब्दकोश,
आईचा फोटो, काचेसकट,
बासरी, एक चमचा,
मांजराच्या गळ्यातला पट्टा.
मांजर नाही.

मग मला बसावं लागलं.

टेकडी पेटली तेव्हा ती शाळेत होती.
परत आली तर दोनशे बारावी पायरी होती,
तिच्या पुढे घर नव्हतं.
पाठीवर होतं तेवढं उरलं.
हिशोब तिचा बरोबरच आहे.
कुठल्या तोंडानं सांगू, कमी कर म्हणून?

सगळं परत भरलं.
शब्दकोश आणि अ‍ॅटलास पाठीलगत, चमचा बाहेरच्या कप्प्यात.
पट्टे चार बोटं आखडले.
आतून काहीच काढलं नाही.

सकाळी माझी गोदीतली पेटी ओढून आणली,
लोखंडी, आगीतून आलेली.
बाहेरून रंग फुगून फुटलाय,
आत माझं युनियनचं कार्ड कोरं करकरीत.
"यात काही ठेवशील?"
तिनं झाकण वाजवलं. आत डोकं घालून वास घेतला.
कार्डाची कड नखानं खरवडून पाहिली.
विचार करायला तिनं अख्खा चहा घेतला.
मग अ‍ॅटलास दिला.
शब्दकोश नाही, पट्टा तर नाहीच.
"आणि किल्ली माझ्याकडे."

गाळ्यावर पुन्हा टांगलं: सहा आठशे.
डावा खांदा अजून खालीच.
मी मागून चालतो, बघतो, बोलत नाही.
चार पायऱ्या उतरून ती परत वळली,
सुनिल्दाला म्हणाली, आता किल्ली तोल.
काटा हलला नाही.
"बिघडलाय हा," मायतेन म्हणाली
आणि किल्ली मुठीत आवळून शाळेत गेली.