उलटा ठेवलेला दगड

लष्करात, तंत्रनिकेतनाच्या मागच्या खोलीत
दर जुलैला मी तीच लाकडी पेटी उघडतो.
गुण्याकडचा काळा बसाल्ट: अग्निजन्य.
मकराण्याचा संगमरवर, एक कोपरा उडालेला: रूपांतरित.
आणि हा इथलाच, घाटीगावचा, फिकट, खरखरीत,
गाळ साचत साचत झालेला.
अंगावरच्या लाटा बघा, म्हणतो,
इथं कधीतरी घोटाभर पाणी होतं.

तिसऱ्या बाकावरचा फूलसिंग सहारिया
वहीत काहीच उतरवत नाही.
दगड कानाशी धरतो, नखानं टिचकी मारतो.
"सर, हा उलटा ठेवलाय."

वर्ग हसतो.
तो नाही.
"लाटांची टोकं वर हवीत. खाणीत तशीच असतात.
बाप म्हणायचा, जसा निजला होता
तसाच भिंतीत निजव.
उभा केलास तर दहा पावसांत पापुद्रे सुटतील."

मी दगड सुलटा केला.
अठरा वर्षं शिकवतोय.

"वडलांना आणशील एकदा? वर्गाला सांगतील."
"नाही सर. छातीत गाळ साचला."
शब्द माझाच होता,
दहा मिनिटांपूर्वी दिलेला.

फळ्यावर तीन रकाने.
माझ्या बाहीवर खडूची पांढरी भुकटी,
ती झटकायला उचललेला हात
तसाच राहिला.

खिडकीतून किल्ल्याचा कडा दिसतो,
थरावर थर, सगळे आडवे,
ज्याच्या त्याच्या जागी निजलेले.
घंटा झाली. पोरं गेली.
पेटीचं झाकण लागेना,
कडेला वाळूचे चार कण होते.