मुदत

एसपी ऑफिसच्या मागच्या जिन्याखाली
परदेशी नागरिक नोंदणी. एक टेबल, एक पंखा,
आणि मी.
साताऱ्यात परदेशी माणसं असणार किती?
पाचगणीच्या शाळांतली मुलं, कऱ्हाडच्या कॉलेजातली चार-दोन,
एखादी जर्मन बाई, वाईच्या घाटाची चित्रं काढताना
व्हिसाच विसरून गेलेली.

चिसोमो आली तेव्हा पावणेसहा झाले होते,
ढाणेसाहेबांच्या हातात हेल्मेट होतं.
नर्सिंग पूर्ण, निकाल लागलेला,
राहायची मुदत तीस तारखेपर्यंत.
वाढवायची तर कारण काय, म्हणून मी फॉर्मवर बोट ठेवलं:
शिक्षण. उपचार. विवाह. इतर.

"डोंगर आला, ताई," ती म्हणाली.
कऱ्हाडच्या मेसमध्ये शिकलेलं मराठी.
पाहुणा आला म्हणावं, तसं.

मलावी कुठं आहे ते मी नकाशात पाहिलं नाही.
चिखल मला ठाऊक होता.
वाळला की भांड्याला सोडत नाही,
आणि पितळेचा तांब्या काढायला
पहारच लागते.

वादळ आलं, गेलं, मागं वळून पुन्हा आलं.
घरं डोंगराच्या पोटाशी होती.
तिच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात
की डोंगराखाली एक साप झोपलेला असतो,
त्यानं कूस बदलली की असं होतं.
आमच्या वरंडेघरात सापाचं कुणी बोललं नव्हतं.
आम्ही भेगेचा अर्ज दिला होता तहसीलला.
आवक क्रमांक अजून पाठ आहे.

"तसा कॉलम नाही," ढाणेसाहेब म्हणाले.
माणूस वाईट नाही. हेल्मेट खाली ठेवलं त्यांनी.
"अमेरिकेत म्हणे असा कागद देतात.
गाव गाडलं गेलं, बुडालं, तर म्हणतात: सध्या थांबा.
दीड वर्ष. मग परत दीड वर्ष."

सध्या.
हा शब्द आमच्या दारावर रंगवलेला आहे.
खोली क्रमांक सतरा, पत्र्याची चाळ,
'सध्या तीन महिन्यांकरिता'.
हे चौथं वर्ष.
शेजारच्या शेवंताचं पोर इथंच झालं,
दाखल्यावर जन्मस्थळ: संक्रमण शिबिर.
ते आता अंगणवाडीत जातं
आणि "गावाला जायचं" म्हटलं की
पत्र्याकडं बोट दाखवतं.
आई अजून भिंतीत खिळा मारू देत नाही.
"भिताड आपलं न्हाई."
कॅलेंडर तांदळाच्या डब्याला टेकवलेलं,
जून उघडायचा तर डबा हलवावा लागतो.

मी 'इतर'वर खूण केली.
पुढं तीन इंचांची रेघ.
साहेब पाहत होते, बोलले नाहीत.
तिथं मी लिहिलं:
मूळ ठिकाणी दरड कोसळून घर राहिलेले नाही.
हात अडखळला नाही. हेच वाक्य
मी आधी तीनदा लिहिलेलं, आमच्याच नावानं.

शनिवारी पाटणच्या एसटीनं गेले.
भाकरी थापता थापता आईला सांगितलं सगळं.
साप, वादळ, फॉर्म.
आई बराच वेळ तव्याकडंच बघत होती.
"तिची आय कुठं ऱ्हाती?"
"शाळेच्या एका वर्गात. बारा घरं मिळून."
"फळा हाय का तिथं?"
"असणारच."
"मग फळ्याच्या खिळ्याला काय अडकवू नगा म्हणावं.
शाळा भरली की काढायला लावत्यात.
दोरी बांधायची. ह्या खिडकीपासनं त्या खिडकीपातूर.
दोरीला कोण काय म्हणत न्हाई."

वरून उत्तर आलं: नव्वद दिवस.
पुढचं पुढं, असं त्यात लिहिलेलं नसतं,
पण तेच असतं.

चिसोमोनं सही केली, तारीख दोनदा वाचली.
कागदासोबत मी तिला
सुतळीचं एक बंडल दिलं.
कशाला, असं तिनं विचारलं नाही.