चौथा चौकोन

पडद्यावरच्या चार चौकोनांतला खालचा उजवा
मंगळवारपासून काळा.
फाटक दिसतं, जिना दिसतो, पाण्याची टाकी दिसते.
काळा तेवढा सायकल-स्टँड,
आणि ओरखडा नेमका तिथेच निघाला
फणश्यांच्या नव्या गाडीवर,
मागच्या दारापासून दिव्यापर्यंत.

कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत चोवीस बिऱ्हाडं.
बावीसांना कोणी न सांगताच कळलं
की तार राठव्याच्या पोरानं उपटली.
राठवा आमचा वॉचमन, छोटाउदेपूरकडचा.
पोरगा दिलू, अकरा वर्षांचा,
सीटवर बसला तर पाय पॅडलला पुरत नाहीत,
म्हणून दांड्याखालून पाय घालून चालवतो.

मी प्रतापनगरला एकतीस वर्षं सिग्नलं दुरुस्त केली.
मला नाव नको होतं. स्टूल हवं होतं.

आधी वीज.
अ‍ॅडॉप्टरला हात लावला, कोमट. म्हणजे जीव आहे.
मग तार, गच्चीपासून खाली बोटांनी चाचपत;
खारीनं कुरतडली होती, पण वरची साल फक्त.
मग जोड. बिघाड शंभरात नव्वदवेळा जोडावरच बसलेला असतो,
हे मी नव्या पोरांना शिकवायचो,
आणि घरी विसरायचो.
जोड चकचकीत होता.

रावपुऱ्यातून भाविनचा फोन:
‘काका, एक वार बंद करीने चालू करो ने.’
बंद केलं. दहा मोजले. चालू केलं.
काळा.

आणि तेव्हा लक्षात आलं, इतके दिवस डोळ्यासमोर असून,
की ‘सिग्नल नाही’ अशी पाटी
त्या चौकोनावर कधी आलीच नव्हती.
मेलेला कॅमेरा गप्प बसतो. हा बोलत होता.
त्याला काळोख दिसत होता
आणि तो इमानानं काळोख पाठवत होता.

शिडी दिलूनं धरली.
वर, काचेला चिकटून, मातीचं मडकं,
लिंबाएवढं, तोंड लिंपून बंद केलेलं.
‘कुंभारीण,’ मी म्हणालो.
खालून तो म्हणाला, ‘आत अळ्या भरून ठेवते. पिल्लासाठी.’
हे त्याला माहीत होतं. बावीस बिऱ्हाडांना नव्हतं.

संध्याकाळी सगळ्यांना ऑफिसात बसवून सोमवार मागे नेला.
बारीक कमरेची ती येते, ओली गोळी लावते, जाते.
येते, लावते, जाते.
उजेड एका कोपऱ्यातून आत सरकत
मंगळवारी दुपारी नखाएवढा उरतो.
त्या नखातून, चार वाजून दहा मिनिटांनी,
फणश्यांची गाडी मागे येते
लोखंडी खांबाच्या अगदी जवळ,
अजून जवळ,
आणि ती शेवटची गोळी आणून लावते.

पुढचं कळायची सोय नाही.
फणसे चष्मा पुसत बसले.
मृणालिनीबाई म्हणाल्या, किती सुबक बांधते हो!
दिलूचं नाव कोणी काढलं नाही,
आदल्या दिवशी काढलं होतं तेवढ्या मोठ्यानं तर नाहीच.
चहा झाला. उद्या ते खरवडून टाका, असं ठरलं.

रात्री नोंदवही उघडली.
बिघाड: चित्र काळे.
कारण: माती.
दुरुस्ती: एक सुटा भाग यायचा आहे. अंदाजे तीन आठवडे.

भाविनला फोन करून सांगितलं, विचारलं तर तूही हेच सांग.
तो हसला.
खोटं म्हणाल तर अर्धं.
नोकरीत एवढंही लिहिलं नव्हतं कधी.

खाली स्टँडवर दिलू सीटवर बसून बघत होता,
एक पाय पुरतो का ते.
वर कॅमेऱ्याचे तांबडे ठिपके लागले होते,
अंधारात दिसावं म्हणून लावलेले,
मडक्याच्या पाठीशी.