तिसऱ्या मजल्याचे युनिट

एकतीस वर्षं मी बेस्टच्या वीजखात्यात मीटर वाचले.
माणसं नंतर, आधी आकडा.
जिन्याखाली टॉर्च मारला की कळायचं
कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचा फ्रिज म्हातारा झाला,
कोण गावाला गेलंय
आणि कोण गेलोय असं नुसतं सांगतंय.
निवृत्त झालो, खोड गेली नाही.
माहीमच्या आमच्या इमारतीत दूध आणायला उतरतो
तेव्हा वाकून बघतोच.

तिसऱ्या मजल्यावर हंगेरीचं जोडपं राहतं,
अकरा महिन्यांच्या करारावर.
ती इल्दिको, तो बेंत्से.
सोसायटीने दोघांना आपल्या जिभेला बसतील असं कापून घेतलं:
ती इलाताई, तो नुसता बेन.
कोपऱ्यावरच्या कच्छी वाण्याला अजून हसू आवरत नाही,
नवऱ्याचं नाव बेन!
तोही हसतो,
आणि अर्धा किलो पोहे घेऊन घरी येतो.

पहिल्या महिन्यात चारशे बारा युनिट.
मी मंदाकिनीला म्हटलं, वितळतायत बिचारे.
चौथ्या महिन्यात एकशे साठ.
दुपारी फरशी ओल्या फडक्याने पुसून
त्यावर उताणं पडायचं,
हे त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे.

तिच्या गावी उन्हाळ्यात आंबट चेरीचं गार सूप करतात.
इथे चेरी मिळाली ती गोड, आणि बर्फीवर चिकटवायची.
मग तिने आमसुलं भिजवली, साय घातली,
वाटी घेऊन लाजत आमच्या दारात उभी राहिली.
मंदाकिनीने चव घेतली, काही बोलली नाही,
आत जाऊन हिंग-जिऱ्याची फोडणी करून आणली.
दोघी ओट्याशी उभ्या राहून ते काय झालं होतं ते प्यायल्या.
मला उरलंच नाही.

रविवारी ती दोघं कुठे जात नाहीत.
म्हणजे जातात, पण कुठेतरी नाही.
जी बस येईल तिच्यात बसायचं, शेवटच्या थांब्यावर उतरायचं,
डेपोबाहेर कटिंग, दोन पुड्या शेंगदाणे, परत.
मी विचारलं, तिथे बघितलंत काय?
बेन म्हणाला, काका, शेवटचा थांबा.

संध्याकाळी गॅलरीत बुद्धिबळ.
काळं एक प्यादं सामानातच हरवलं होतं,
त्याच्या जागी चिंचोका.
भांडण त्याच चिंचोक्यावरून व्हायचं.
भाषा कळत नसली तरी भांडण कळतं,
आणि मिटल्यावर भांडी जरा जास्तच वाजतात,
तेही सगळीकडे तसंच.

ऑगस्टमध्ये तिच्या वडिलांचा फोन नाही आला,
वडिलांविषयी आला.
ती त्याच रात्री गेली.
नंतरच्या तीन आठवड्यांत तिसऱ्या मजल्याचा आकडा
एवढा हळू सरकला, की मला वाटलं मीटर बंद पडला.
मी वर गेलो. जुनी सवय, दार उघडल्यावर आधी फ्यूज विचारला.
फ्यूज ठीक होता.
तो अंधारात बसला होता, दिवा का लावायचा
हे त्याला आठवत नसल्यासारखा.
गॅलरीत पट तसाच, अर्ध्यावर.
सोंगट्यांवर धूळ नव्हती, पटावर होती.
मी सहज चिंचोका उचलायला गेलो.
नको काका, तो म्हणाला.
शब्द शोधला बराच वेळ, रांगेतला सापडला:
तिचा नंबर आहे.

मग मीही तिथेच बसून राहिलो.
खाली कुणीतरी गाडी लावत होतं,
मागे घ्या, मागे घ्या, बस्स.

ती आली ती पहाटे, टॅक्सीने.
मला जाग होतीच, या वयात असतेच.
चप्पल घातली, जिन्याखाली गेलो.
नव्या मीटरला चकती नाही, फक्त लाल ठिपका लुकलुकतो.
तिसऱ्या मजल्याचा
धाप लागल्यासारखा लुकलुकत होता.
गीझर, मी मनात म्हटलं. दोन दिवे. पंखा पाचवर.
वाकलो होतो, चष्माही होता डोळ्यांवर,
आकडा तेवढा वाचला नाही.