दाबोळी, रात्रपाळी

साडेचौदा टन, सुभेदार ढवळीकर म्हणाले,
पट्ट्यांत अडकलेला चिखल वेगळा.
खरवडा तो. तिकडे छत्रीनं उतरलेल्या पोरांना
चिखल नकोय.

आम्ही खुरपी घेऊन बसलो.
लाल माती, चिखलीच्या शेतातली,
भाताच्या मुळांसकट.

इनास साखळ्या ओढून बघत होता.
"भार मागं गेलाय. होडी असती
तर नाक वर करून बुडाली असती."
रणगाडा दोन हात पुढं घेतला.
वैमानिकानं कागदावरचं गणित खोडलं.

वायरलेसवर पोरं अजून पुलापाशीच होती.
मग नुसती खरखर.

विमान झुआरीवरून वळलं.
धावपट्टीच्या कडेला मातीचा ढीग,
आणि इनास वाकून त्यातली
हिरवी राहिलेली रोपं
वेगळी काढत होता.