अकरा सूंची उधारी

ओनेसीम ब्रेव्हालचे शर्ट मी धूत असे.
सात वर्षं. योन नदीच्या काठी, पुलाखाली,
गुडघ्यांखाली गवताची पेंढी,
आणि हिवाळ्यात शेजारी गरम पाण्याची किटली,
बोटं मधूनमधून बुडवायला. नाहीतर ती आपली राहत नाहीत.

लोक त्याला चित्रकार म्हणत. मला तो डागांवरून कळायचा.
डाव्या बाहीवर हिरवा, म्हणजे आज पॉप्लरांच्या रांगेत होता.
कॉलरवर जांभळा, म्हणजे मान खाजवली,
म्हणजे चित्र जमत नव्हतं.
टर्पेंटाइनचा वास तीन पाण्यांतही जात नसे.
पैसे तर येतच नसत.

पाव फिरमँकडून उधार, खोली विधवा तेसिएकडून उधार,
ऊन तेवढं रोखीचं,
आणि तेही घटकाभर.
म्हणून ती घाई. तिवई रोवायचा, टोपी मागे सारायचा,
कुणी पाठीस लागल्यासारखा रंग थापायचा.
ढग सरकला की एक शिवी, आणि दुसरा कॅनव्हास.
शाळामास्तरांनी एकदा वाकून पाहिलं. म्हणाले,
"महाशय, हे पुरं कधी होणार?"
"झालंय," तो म्हणाला. "नदीच पुरी व्हायची आहे अजून."

एकदा बर्फ पडलं होतं. येऊन उभा राहिला,
माझ्या हातांकडे बघत. मी चादरींना नीळ देत होते,
फडक्यात बांधलेली पुरचुंडी बादलीत हलवून.
"पांढऱ्यात निळं का घालतेस, झेली?"
"नाहीतर पांढरं पिवळं दिसतं. एवढंही कळत नाही?"
तो हसला नाही. तसाच वर पळाला,
बर्फावरून, स्वतःची निळी सावली तुडवत.
माझ्यामुळे काही झालं असं मी म्हणत नाही.
त्याला ठाऊक असणारच.
पण पळाला, हे खरं.

मग भाडं थकलं. एका पहाटे हातगाडीवर सगळं लादून
तो आणि क्लोतिल्दबाई निघून गेले,
माझे अकरा सू बुडवून.
कुठल्याशा गावी वारला म्हणे, फुप्फुसांत पाणी होऊन.
पाण्यानंच.

वीस वर्षांनी ओसेरच्या टाउनहॉलात त्याची चित्रं लागली.
चर्चचे बूट घालून मी रेल्वेनं गेले.
सोनेरी चौकटीत आमचा पूल, आमची नदी.
जवळ गेलं की नुसता चिखल,
मागे सरलं की पाणी वाहू लागतं.
काठावर तीन फटकारे: करडा, तपकिरी, पांढरा.
एक चष्मेवाले गृहस्थ बायकोला सांगत होते, "हे झुडूप."

झुडूप नाही हो. ती मी.
करडा माझा घागरा, तपकिरी पाठ,
आणि पांढरी ती विधवा तेसिएची चादर,
नीळ अगदी बरोबर पडलेली.
शेजारी, टोपलीत, एक गुलाबी ठिपका,
नखाएवढाही नाही.
त्याचं गृहस्थांनी काहीच सांगितलं नाही.

मार्च होता तो. तिला पहिला दात येत होता,
ओल्या फडक्याचं टोक चावत पडून असायची.
ऑगस्टात घटसर्पानं गेली. अर्मेल.
फोटो वगैरे आमच्यात कोण काढणार.
ओनेसीमनं तिच्याकडे पाहिलंही नसेल.
ऊन पळत होतं, त्याला तिथं थोडं गुलाबी हवं होतं, बस.
किंवा पाहिलं असेल.
आता विचारायचं कुणाला.

"बाई, जरा मागे," रखवालदार म्हणाला.
मी मागे सरले.
मागे सरले तशी ती टोपलीत हलली.

अकरा सू मी तिथंच खोडले.
त्याचा एक शर्ट मात्र माझ्याकडे राहून गेलाय, कधी न्यायलाच आला नाही.
खिडक्या पुसते मी त्यानं.
डाव्या बाहीवरचा हिरवा
अजून निघाला नाही.