फुटामागे एक सूत

सीपीआरसमोरच्या इमारतीतून कागद आला, शिक्क्यासकट.
मगदूम विरुद्ध सासने, शिरोलीची फाउंड्री.
एकमेव लवाद म्हणून नेमण्याचा विचार आहे:
पिराजी सुतार, वय एकाहत्तर,
धंदा लाकडी पॅटर्नचा, आता बंद.

आधी मगदुमांनी आपला सीए सुचवला होता,
सासन्यांनी मेहुणा.
कोर्ट म्हणालं, एकट्यानं पंच नेमता येत नाही.
हे तालमीतलं पोरगंही सांगेल,
कुस्ती ज्याची, शिट्टी त्याच्या चुलत्याच्या तोंडात नको.
पण कोर्टाला त्यासाठी कलम लागतं
आणि कलमाला तारखा.

सोबत फॉर्म.
उभय पक्षांपैकी कोणाशीही, पूर्वी अथवा सध्या,
प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष संबंध असल्यास
प्रकट करावा.
खाली रेघा चार.

कोल्हापुरात, चार रेघा!

बसलो लिहीत.
उद्यमनगरातलं माझं शेड गळायचं तेव्हा
जिनगोंडा मगदुमांनी पत्रे दिले. पैसे फेडले, दोन वर्षांनी.
सासन्यांच्या थोरलीच्या लग्नात जेवलो,
वाढपी कमी पडले म्हणून बादली घेऊन रस्साही वाढला.
दोघांच्या पहिल्या पंपाच्या केसिंगचा पॅटर्न माझा,
सागवानी; माळ्यावर असेल अजून,
बुडाला माझा नंबर कोरलेला.
दोघांचंही मला देणं नाही. दोघंही मला काका म्हणतात.
एकमेकांना आता काहीच म्हणत नाहीत.

रेघा संपल्या. पाठीमागं लिहिलं. पुरवणी जोडली.
मुजावर वकीलबाई हसल्या,
काका, एवढं नसतं लिहायचं,
रास्त शंका येईल तेवढंच.
म्हटलं, बाई, रास्त कुठली
हे ज्याला शंका येते त्यानं ठरवायचं, का मी?

एक गोष्ट राहिली होती.
चौऱ्याण्णव साली, रात्रपाळीला, लॅडल कलंडलं.
हणमा ऐवळेचा पाय गुडघ्यापर्यंत गेला.
मगदूम म्हणाले पाळी सासन्यांची,
सासने म्हणाले मगदुमांची.
मी पॅटर्न पोचवायला गेलो होतो, दारात उभा होतो.
मला कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

वादात ते नाहीच.
वाद जागेचा, दोन लेथचा, नावाचा
आणि अडतीस लाखांचा.
माझा अधिकार त्यांच्या कराराएवढा;
त्याबाहेर पाय टाकला की निवाडा रद्द.
हणमा त्या कराराबाहेर बसलाय,
कागलच्या स्टँडवर, कुबडी भिंतीला टेकवून.

अनुसूची वाचली. चौतीस बाबी.
नातं आहे, नोकरी आहे, शेअर आहे, सल्ला आहे.
'पाहिलं' अशी बाब नाही.

ओतीव लोखंड निवताना आकसतं.
म्हणून पॅटर्नवाला फुटामागे एक सूत जास्त धरतो,
त्याची पट्टीच वेगळी, बाजारात दुकानदार फसवतोय असं वाटावं अशी.
ह्यांचा करार एका दमात लिहिलेला,
गरम असताना. सूत कुणी धरलंच नाही.
निवला, आणि आता कुठंच बसत नाही.

पुरवणीच्या शेवटी एक ओळ घातली:
त्या रात्री मी दारात होतो.
कोण होतं ते लिहिलं नाही.
ते मला विचारलेलं नाही.

हरकत घ्यायला पंधरा दिवस.
मगदुमांचं पत्र तिसऱ्या दिवशी आलं, हरकत नाही.
सासन्यांचं नाही.
आज अकरावा.

सकाळी ते स्वतः गल्लीच्या टोकाला दिसले, स्कूटर बंद करून.
चहा विचारायचा नसतो अशा वेळी.
विचारला नाही.
आत येऊन जुनी पट्टी शोधली,
सूत मोजलं,
बरोबर होतं,
मग परत मोजलं.